स्क्रू ड्रायव्हर घेताना आधी आपला हात बघा



या पानावर आपण मधुमेहापासून डेंग्यूपर्यंत बऱ्याच विषयांवर बोलतो. या वेळचा विषय वेगळा आहे: स्क्रू ड्रायव्हर. आरोग्याच्या पानावर हत्यार कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या घराघरांत वायरमन आहेत, फिटर आहेत, वर्कशॉपमध्ये काम करणारे आहेत, पंखे-मिक्सर आणि मोबाईल दुरुस्त करणारे आहेत, कारखान्यात असेंब्ली लाइनवर दिवसभर स्क्रू बसवणाऱ्या मुली आहेत, आयटीआयला नुकतीच प्रवेश घेतलेली मुले आहेत. यांच्यातल्या अनेकांच्या तक्रारी सारख्याच असतात. संध्याकाळी भरलेला तांब्या धरताना हात सुटल्यासारखा वाटतो, रात्री बोटांना मुंग्या येतात, कोपराच्या बाहेरच्या अंगाला ठणका लागतो. मलम चोळले जाते, मेडिकलमधून गोळी आणली जाते आणि सकाळी पुन्हा तेच हत्यार हातात येते. त्या हत्याराकडे मात्र कोणी बघत नाही.

हाताच्या आत काय होते

बोटे आवळणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात आणि मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. याच बोगद्यातून एक मोठी नस जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्श कळतो तो या नसेमुळे. मूठ जोरात आवळली आणि त्याच वेळी मनगट वाकलेले असले की बोगद्यात दाब वाढतो. दिवसातून शेकडो वेळा, महिनोन् महिने असे झाले की कंडरांवरची आवरणे सुजतात आणि नस चेपली जाते. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीला काही होत नाही आणि बाकीची बोटे बधिर होतात, त्रास रात्री वाढतो, हात झटकला की थोडे बरे वाटते, ही त्याची साधी ओळख.

म्हणजे प्रश्न असा आहे की मूठ किती जोरात आवळावी लागते. आणि ते बऱ्याच अंशी स्क्रू ड्रायव्हरची मूठ किती जाड आहे यावर ठरते.

दार ढकलून बघा. बिजागरीजवळ हात लावून ढकलले तर जोर लागतो, कडेला बोट लावले तरी दार हलते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीचेही तसेच. मूठ जितकी जाड, तितका आपला जोर स्क्रूच्या मध्यापासून लांब लागतो. २० मिलिमीटर जाडीच्या मुठीवर जो पीळ मिळतो, त्याच्या दुप्पट पीळ ४० मिलिमीटरच्या मुठीवर तेवढ्याच जोरात मिळतो. फुटपाथवर मिळणाऱ्या सहाच्या सेटमधल्या मुठी बहुतेक वेळा बोटाएवढ्या बारीक असतात. तो सेट घेणाऱ्याचे पैसे वाचतात, पण उरलेला हिशेब मनगट चुकते करते.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिने कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याबरोबर २००४ साली हातहत्यारे निवडण्याबद्दल एक पुस्तिका काढली. जोराच्या कामासाठी मूठ साधारण सव्वा ते दोन इंच, म्हणजे ३२ ते ५१ मिलिमीटर जाड असावी, असे तिच्यात सांगितले आहे. नाजूक कामासाठी, जिथे चिमटीत धरून फिरवायचे असते तिथे, पाव ते अर्धा इंच पुरतो. यातून एक गोष्ट सरळ निघते. एकाच जाडीच्या मुठीने सगळी कामे करू नयेत. मोबाईल उघडायला जाड मूठ घेतली तर बारीक स्क्रू पिरगळून तुटेल, आणि दाराची बिजागरी घट्ट करायला मोबाईलचा ड्रायव्हर घेतला तर बोटे दुखतील.

दुकानात काय बघायचे

पुस्तिकेतले मिलिमीटर लक्षात ठेवण्यापेक्षा आपला हात बरोबर असतोच. मूठ पंजात धरा. अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला टेकावे किंवा किंचित वर चढावे. बोटांची टोके तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. अंगठा आणि बोट यांच्यात मोठे अंतर राहत असेल तर ती तुमच्या हाताला जाड आहे. दुकानदार पाकिटातून काढून दाखवत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे, आम्ही तर असेच सांगू.

स्त्रियांनी हे विशेष बघावे. बाजारातली बरीचशी हत्यारे पुरुषाच्या पंजाच्या मापाने बनतात. कारखान्यात सगळ्यांना एकाच मापाचे हत्यार मिळते, आणि मग ‘बायकांचे हात नाजूक, त्यांचे लवकर दुखतात’ असे बोलले जाते. दोष मापात असतो, हातात नसतो. लाइनवरच्या सुपरवायझरकडे दोन मापांचे ड्रायव्हर मागणे यात वावगे काहीच नाही.

लांबीही महत्त्वाची. मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा लांब हवी. चार इंच ही कमीत कमी, पाच-सहा इंच असेल तर उत्तम. आखूड मुठीचे मागचे टोक तळहाताच्या मधोमध रुतते, आणि तिथेच खाली नसा आणि रक्तवाहिन्या असतात. हाताला घट्टे पडले म्हणजे हात कामाला तयार झाला असे आपल्याकडे मानतात. पण तळहाताच्या मध्यावर पडलेला घट्टा हत्याराची मूठ चुकीची असल्याची खूण आहे. मागचे टोक घुमटासारखे गोल आणि रुंद असावे.

मुठीवर बोटांसाठी खोल खाचा असलेले हत्यार दिसायला छान वाटते, पण घेऊ नये. त्या खाचा कोणाच्या तरी बोटांच्या मापाच्या असतात, तुमच्या नव्हे. बोट खाचेत न बसता तिच्या कडेवर बसले की तिथेच दाब येतो. त्यापेक्षा तीन किंवा सहा बाजूंची, कोपरे गोल केलेली मूठ बरी. ती हातात फिरत नाही आणि टेबलावरून गडगडत खालीही जात नाही. पुढे दांडीजवळ मूठ बारीक होत गेलेली असेल तर अजून चांगले, कारण सैल स्क्रू तिथे चिमटीत धरून झटपट फिरवता येतो.

हत्याराची मूठ हाताच्या मापाने घडवावी हा विचार तसा फार जुना नाही. जर्मनीत १९६०च्या दशकात या दिशेने काम झाले. स्वीडनच्या बाहको कंपनीने १९८३ साली ‘अर्गो’ नावाचा ड्रायव्हर बाजारात आणला. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव अनोळखी वाटेल, पण नाशिकच्या तापडिया कंपनीचे नाव प्रत्येक फिटरला माहीत आहे. तिने १९६९ साली हातहत्यारे बनवायला सुरुवात केली ती याच बाहकोच्या तांत्रिक सहकार्याने. आम्ही इथे कोणत्याही कंपनीची जाहिरात करत नाही. हत्याराच्या कारखान्यातही हाताचा अभ्यास करणारी माणसे असतात, एवढेच सांगायचे होते.

मुठीचे साहित्य कोणते घ्यावे? जुन्या पद्धतीची कडक, पारदर्शक प्लॅस्टिकची मूठ तेल आणि ग्रीसला दाद देत नाही. शिवाय तिच्या आरपार बघता येते: दांडी मुठीत किती खोल गेली आहे, आत ती फिरू नये म्हणून चपटे पंख काढले आहेत का, हे दुकानातच कळते. (अशा काही मुठींना बंद पेटीत वर्षानुवर्षे राहिल्यावर आंबूस, ओकारीसारखा वास येतो. ते प्लॅस्टिकचा एक घटक हळूहळू सुटत असल्यामुळे होते. मूठ साबणाने धुऊन पेटी उघडी ठेवली की वास कमी होतो.) रबराचा थर दिलेली मूठ हाताला मऊ लागते, घामाने निसटत नाही. वायरमनला ती सोयीची. पण गॅरेजमध्ये पेट्रोल-डिझेलमध्ये हात असतील तर हलक्या प्रतीचे रबर फुगते आणि चिकट होते. तिथे कडक मूठच बरी.

टोक बसत नसेल तर मूठ काय करणार

हाताला होणारा निम्मा त्रास टोकाच्या चुकीच्या मापामुळे होतो, असे आमचे मत आहे. टोक खाचेत नीट बसत नसले की ते निसटू नये म्हणून आपण मागून दाबतो. पिळायचेही आणि दाबायचेही, असे दोन्ही जोर एकाच वेळी लावले की मूठ दुपटीने आवळली जाते.

चपट्या स्क्रूला टोकाची रुंदी खाचेच्या लांबीएवढी हवी, आणि जाडी खाचेत सैल न राहील एवढी. फुलीच्या स्क्रूला, ज्याला दुकानात ‘स्टार’ म्हणतात, नंबर असतात. हा स्क्रू फिलिप्स नावाने ओळखला जातो आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत तो रूढ झाला. दांडीवर पीएच ०, पीएच १, पीएच २, पीएच ३ असे लिहिलेले असते. घरातल्या स्विचबोर्डला आणि फर्निचरला बहुतेक ठिकाणी पीएच २ लागतो, छोट्या उपकरणांना पीएच १, घड्याळ-मोबाईलला शून्य आणि त्याच्या खालचे. फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह स्क्रू. त्याला पीझेड नंबरचे टोक वेगळे घ्यावे लागते. जपानी बनावटीच्या मोटारसायकलींच्या काही स्क्रूंवर फुलीशेजारी एक ठिपका असतो. त्यांची फुली फिलिप्ससारखीच दिसते, पण तिची घडण थोडी निराळी असते. म्हणून साध्या स्टारने ते स्क्रू खाल्ले जातात आणि दोष मेकॅनिकला लागतो.

माप तपासायची एक सोपी रीत आहे. स्क्रू टोकावर लावा आणि ड्रायव्हर आडवा धरा. लोहचुंबक नसतानाही स्क्रू क्षणभर न डुलता राहिला तर माप बरोबर आहे.

पोलादाबद्दल बोलायचे तर चांगल्या ड्रायव्हरची दांडी बहुधा क्रोम व्हॅनेडियम पोलादाची असते आणि तसे तिच्यावर छापलेले असते. पण छापायला काय लागते? त्यामुळे सोबत भारतीय मानक आयएस ८४४ चा उल्लेख आहे का हे बघा, पावती घ्या. दांडी काचेवर गडगडवून ती सरळ आहे का बघा. मूठ एका हातात आणि दांडी दुसऱ्या हातात धरून उलट पिळा. जरा जरी कुरकुर झाली तर परत ठेवा. जोराच्या कामाचा ड्रायव्हर असेल तर दांडी चौकोनी, किंवा मुठीजवळ सहा कोनांची असलेली घ्यावी. गंजलेला स्क्रू असला की तिथे पाना लावून पिळता येते आणि मनगट वाचते.

सेट घ्यावा की सुटे? शंभर टोकांची चकचकीत पेटी बघून मोह होतो, पण तिच्यातली ऐंशी टोके कधी वापरली जात नाहीत आणि मूठ बहुधा बारीकच असते. आमचा सल्ला असा की सुरुवातीला पाचच घ्यावेत, पण नीट घ्यावेत: बारीक चपटा ३ मिलिमीटरचा, मोठा चपटा ६ मिलिमीटरच्या आसपासचा, पीएच १, पीएच २ आणि अडचणीच्या जागेसाठी एक बुटका. बुटक्याची मूठ आखूड असते हे खरे, म्हणून तो गरजेपुरताच वापरावा. दिवसाला पन्नासाहून जास्त स्क्रू बसवावे लागत असतील तर रॅचेटवाला घ्या. त्यात हात मागे नेताना पकड सोडून पुन्हा धरावी लागत नाही.

आणि ज्यांना आज नवे घेणे शक्य नाही त्यांनी सायकलची जुनी ट्यूब पट्टीसारखी कापून बारीक मुठीवर घट्ट गुंडाळावी. दिसायला ओबडधोबड, पण हाताला फरक पडतो. मात्र ही पट्टी विजेपासून संरक्षण देत नाही, हे विसरू नये.

विजेच्या कामाचे निराळे

आपल्या घरांतली वीज २३० व्होल्टची. तिच्या कामासाठी जो ड्रायव्हर वापरायचा त्याच्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि शेजारी १००० व्होल्ट असे छापलेले असावे. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेले असे प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टवर तपासलेले असते. त्याच्या दांडीवरचे आवरण टोकाजवळपर्यंत येते. काही ड्रायव्हरांत ते दोन रंगांचे असते. वरचा थर खरवडून आतला रंग दिसू लागला की हत्यार बाद करायचे. साध्या ड्रायव्हरच्या दांडीवर प्लॅस्टिकची नळी चढवली किंवा टेप गुंडाळली म्हणजे तो असा ड्रायव्हर होत नाही. आणि खूण असली तरी मेन स्विच बंद करूनच काम करायचे, यात सूट नाही.

खिशातल्या लाइन टेस्टरने स्क्रू पिळायची सवय आपल्याकडे फार आहे. टेस्टरच्या आत एक नाजूक रोध असतो. तपासताना आपल्या अंगातून जाणारी वीज तो अगदी थोडी ठेवतो. पिळून, आपटून तो भाग बिघडला तर टेस्टर वीज असताना ‘नाही’ सांगेल, किंवा झटका देईल. टेस्टर तपासण्यापुरताच.

हात कसा धरावा

उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना तळहात वरच्या दिशेने वळतो. या हालचालीत दंडाची बेटकुळी मदत करते. म्हणून घट्ट करताना उजव्या हातात जोर जास्त असतो. सैल करताना उलटी हालचाल होते, तिथे बेटकुळी नसते आणि हात कमजोर पडतो. डावखुऱ्यांचे नेमके उलट: त्यांना सैल करणे सोपे, घट्ट करणे अवघड. डावखुऱ्या मुलाला शिक्षकांनी वा उस्तादांनी ‘तुला जोर नाही’ म्हणू नये, हे यावरून लक्षात यावे. बेटकुळीचा उपयोग कोपर काटकोनात वाकलेला असताना सगळ्यात जास्त होतो. हात सरळ ताणून, शिडीवर उभे राहून पंख्याचे स्क्रू पिळतो तेव्हा सगळा भार कोपराखालच्या छोट्या स्नायूंवर येतो आणि तिथूनच टेनिस एल्बो सुरू होतो. नाव टेनिसचे, पण तो जडतो ज्यांनी कधी टेनिस खेळले नाही अशांनाही. तेव्हा शिडीची एक पायरी वर चढा, काम छातीसमोर आणा.

लाकडात स्क्रू बसवताना आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला साबण किंवा मेण लावावे. जाम झालेल्या स्क्रूला तेल सोडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तळहाताने ड्रायव्हरच्या मागे ठोसे मारू नयेत. करंगळीकडच्या बाजूची रक्तवाहिनी त्याने कायमची दुखावू शकते, बोटे थंड आणि पांढरी पडू लागतात. ठोकायला हातोडी आहे, पण तीही ड्रायव्हरवर नको, छिन्नीवर चालवावी.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे वस्तू डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताने तिचा स्क्रू पिळणे. टोक निसटले की सरळ तळहातात घुसते. बाहेरून जखम तांदळाच्या दाण्याएवढी दिसते, पण आत कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते. वस्तू टेबलावर किंवा व्हाइसमध्येच धरावी. जखम झालीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. बोट वाकत नसेल, सरळ होत नसेल किंवा त्याच्या टोकाला स्पर्श कळत नसेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. हळद भरून आठवडाभर वाट बघितली तर तुटलेल्या कंडरेची टोके एकमेकांपासून दूर सरकतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

मुंग्या, बधिरपणा, कोपराचे दुखणे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, अंगठ्याच्या मुळाशी मांस झडल्यासारखे दिसू लागले, किंवा हातातून वस्तू पडू लागल्या तर ‘नस बसवणाऱ्या’कडे न जाता डॉक्टरांकडे जावे. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत नस चेपण्याचा त्रास जास्त आढळतो, गरोदरपणातही होतो. त्यामुळे रक्त तपासायला सांगितले तर टाळू नये. सुरुवातीच्या काळात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून आणि काम बदलून बऱ्याच जणांना आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन् महिने घेऊ नयेत, मूत्रपिंडाला त्यांचा अपाय होतो.

ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते त्यांना उपचार मोफत आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या आजारपणाच्या रजेत, हप्ते नियमाप्रमाणे भरलेले असल्यास, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. दवाखान्यात जाताना रोज वापरता तो ड्रायव्हर पिशवीत घालून न्या. काय दुखते हे सांगण्याबरोबरच तो हातात धरून कसा पिळता, दिवसातून किती वेळ पिळता, हे डॉक्टरांना दाखवा.